आयचं बोचकं

दिवाळी सरली की जव्हारच्या एसटी डेपोत बोचकी दिसू लागतात. जुन्या साडीत नाहीतर खताच्या रिकाम्या गोणीत बांधलेली, वरून तव्याचा काळा काठ डोकावणारी. बोचक्याशेजारी बाई, बाईच्या मांडीवर मूल, आणि गाडी कधी लागते ते बघत उकिडवा बसलेला गडी. आज सकाळी मी दूध आणायला गेले तेव्हा अशी काही कुटुंबं अंगावर गोधड्या घेऊन बसली होती. इकडे आता सकाळची थंडी चांगलीच झोंबते. भात कापून झालं, मळणी झाली, कणगीत जायचं ते गेलं, नाचणीची कणसं खुडून झाली. यापुढे होळीपर्यंत गावात हाताला काम नाही. मग माणसं वाडा, भिवंडी, वसई, मुंबई अशी पांगतात. वीटभट्टीवर, बांधकामावर, मुकादम नेईल तिथे. जव्हार-मोखाड्याकडे याला ‘जगायला जाणं’ म्हणतात. अमका कुठे आहे असं विचारलं तर उत्तर येतं, जगायला गेला. तो परत कधी येणार हे कोणी विचारत नाही, कारण होळीला सगळे परत असतात.

तन्वी आणि ईशान, तुमच्याकडे या दिवसांत पहिला बर्फ पडतो आणि तुम्ही मला त्याचे फोटो पाठवता. मला पाठवण्यासारखं दृश्य हे डेपोतलं आहे, पण माणसांना न विचारता त्यांचे फोटो काढणं मला बरं वाटत नाही. म्हणून लिहून पाठवते. तुमच्या आईने तुम्हाला मराठी वाचायला शिकवलं याचा असा उपयोग होईल असं तिला वाटलं नसेल.

तुमची पणजी, म्हणजे माझी आई, तिला आम्ही आय म्हणतो. ती साखरशेतला राहते. तिला वय विचारलं तर म्हणते, तुझं किती झालं त्यात सोळा-सतरा घाल. मी तिची थोरली. आश्रमशाळेत शिकले, नाशिकला इंग्रजी घेऊन बी. ए. केलं आणि जव्हारच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. आय घरात गावची बोली बोलते. मी ती अर्धीमुर्धी बोलते, आणि इथे तिचं बोलणं तुम्हाला कळेल इतपत सोपं करून लिहिलं आहे. ते तिला वाचून दाखवलं तर ती म्हणेल, ही कोण म्हातारी, हिला नीट बोलता येत नाय.

दोन वर्षांपूर्वी, याच दिवसांत, तन्वी, तू मला फोनवर सांगितलं होतंस की तू आणि तुझी आई दोघीच मोठ्या शहरात जाऊन तीन दिवस राहून आलात. त्याला तू सिटी ब्रेक म्हणालीस. बाबा आणि ईशान घरी राहिले, तुम्ही दोघी उशिरा उठलात, मनाला येईल ते खाल्लंत, एका संग्रहालयात पाय दुखेपर्यंत हिंडलात. मला ती कल्पना आवडली. आई आणि मुलगी, दोघीच, घरापासून लांब. मी मनात हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की मी आणि आय अशा कधीच कुठे गेलो नव्हतो. दवाखान्यात गेलो होतो आणि लग्नांना गेलो होतो.

पुढच्या आठवड्यात साखरशेतला गेले. आय खळ्यावर बसून सुपाने भात पाखडत होती. खळं नुकतंच झाडलेलं होतं, शेणाचा आणि पेंढ्याचा मिळून तो एक कोरडा गोडसर वास येत होता. तो वास मला अजूनही आश्रमशाळेच्या दिवाळीच्या सुट्टीत नेतो. मी तिला सांगितलं की आपण मुंबईला जाऊ, हॉटेलात राहू, फिरू आणि परत येऊ. ती थोडा वेळ पाखडत राहिली. मग म्हणाली, "मुंबईला लोक कामाला जातात. सुट्टीला गावाला येतात. तुझं उलटंच."

पण ती नाही म्हणाली नाही.

आता यामागचा माझा हेतू सांगते. त्या पावसाळ्यात आय शेताच्या बांधावरून घसरली होती. कोणाच्या लक्षात येईपर्यंत बराच वेळ चिखलात पडून होती. हाड मोडलं नाही, पण मी धास्तावले. माझा भाऊ वारल्यापासून ती त्या घरात एकटी आहे. शेत चुलतभाऊ निम्म्यावर करतो, त्याचं घर ओढ्यापलीकडे. माझं जव्हारचं घर पक्कं आहे, दवाखाना जवळ आहे, आणि तुमच्या आईची मागची खोली रिकामी आहे. ती खोली मी रंगवून घेतली होती. पलंगाची उंची कमी करून घेतली होती. आयने आता साखरशेत सोडून कायमचं माझ्याकडे यावं, हे मला तिला विचारायचं होतं. गावात विचारलं असतं तर ती उठून गाईला पाणी दाखवायला गेली असती. मुंबईत समुद्राकाठी बसून विचारलं तर तिला उठून जायला जागा नसणार, असा माझा बेत होता. काय म्हणायचं तेही मी मनात जुळवून ठेवलं होतं.

निघायच्या दिवशी मी डेपोत वेळेआधी पोचले होते. साखरशेतची जीप आली. आय उतरली आणि तिच्यामागून टपावरून तिचं बोचकं उतरलं. जुनी हिरवी साडी, चार टोकांची गाठ, आणि वर तव्याचा काठ.

मी विचारलं, "आये, हे काय?"

"जाया निघालो ना?"

मी तिथेच गाठ सोडायला लावली. तवा, पातेलं, उलथनं. नाचणीचं पीठ, तांदूळ, मिठाची पुडी, मिरच्या, सुकट. गोधडी. कोयता. सुकटीचा वास फलाटभर सुटला. मी तिला पुन्हा सांगितलं की हॉटेलात सगळं मिळतं, आपल्याला स्वयंपाक करायचा नाही.

"हॉटेलात चार दिस खाशील. मग?"

"चार दिवसांनी परतच यायचं आहे."

"चार दिसांत परत?" ती म्हणाली. "मुकादमाशी भांडण झाला का तुझा?"

शेजारच्या बोचक्यावर बसलेली बाई पदर तोंडाला लावून हसली. आयही हसली, पण मग जरा खजील होऊन म्हणाली, "तू सांगितलास मना. पण दिवाळी झाली, मुंबईला जायाचा म्हटला, का हात बांधत गेले."

आपल्या हातांबद्दल ती खोटं सांगत नव्हती. ती लग्न होऊन आल्यापासून कितीतरी वर्षं दर दिवाळीनंतर जगायला गेली होती, आधी माझ्या वडिलांबरोबर, पुढे एकटी. या मोसमात शहरात जाण्याचं दुसरं कारण आमच्या पाड्यात कोणालाच माहीत नव्हतं. कोयता तेवढा मी डेपोतल्या ओळखीच्या दुकानात ठेवायला लावला. बाकीचं बोचकं आमच्याबरोबर आलं. चुलीचे दगड तिने घेतले नव्हते, कारण ते कुठेही मिळतात.

जव्हारबाहेर पडलं की विक्रमगडपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेली शेतं लागतात. भाताचे खुंट राहिलेले असतात आणि त्यांच्यामधून वालाची कोवळी रोपं वर येत असतात. आयने खिडकी सोडली नाही. कोणाचं भात अजून उभं आहे, कोणाची भाऱ्यांची उडवी वाकडी रचली आहे, हे ती मला सांगत होती. वाड्याच्या पुढे पहिल्या वीटभट्ट्या दिसल्या तशी ती झोपड्या निरखू लागली. एका ठिकाणी म्हणाली, "ही आपलीच मानसा. गवत कसा शाकारलाय बघ."

हॉटेल दादरला होतं, साधं पण स्वच्छ. काउंटरवरच्या माणसाने बोचक्याकडे पाहिलं आणि किल्ली दिली. खोलीत गेल्यावर आयने आधी मोरी कुठे आहे ते पाहिलं, मग पाणी किती वेळ येतं ते विचारलं. पाणी दिवसभर येतं हे तिला खरं वाटेना, म्हणून तिने बादली भरून ठेवली. नंतर पेलेही भरून ठेवले. पलंगावर बसून पाहिलं आणि उठली. "ही गादी मानसाला गिळते," म्हणाली आणि खिडकीखाली गोधडी पसरली. सकाळी मी उठले तेव्हा तिने मोरी घासली होती, चादरी घड्या करून ठेवल्या होत्या, आणि साफसफाईला आलेल्या बाईला दारातच सांगत होती की इथलं झालं, तू दुसरीकडे जा. ती बाई माझ्याकडे पाहत राहिली. मी तिला आत बोलावलं. आयने तिला नाचणीची भाकरी दिली, घरून करून आणलेली.

मी सगळं नीट आखलं होतं. सकाळी संग्रहालय, दुपारी विश्रांती, संध्याकाळी चौपाटी. संग्रहालयात आयला जुनी नाणी आणि मूर्ती यांत रस वाटला नाही. एका दालनात आदिवासी घराचा नमुना मांडला होता, कुडाची भिंत, उखळ, टोपल्या. तिने बारकाईने पाहिला आणि विचारलं, "ह्या घरातली मानसा कुठं गेली?" मी म्हटलं, हे घर दाखवण्यापुरतं आहे. "ते कळला. पण चूल चुकीच्या जागी हाय. धूर तोंडावर येल." आणि पुढे गेली.

तिला मुंबईत खरं पाहायचं होतं ते बांधकाम. जिथे पत्र्याचं कुंपण आणि वर क्रेन दिसली तिथे ती थांबे. आत फटीतून बघे. आता घमेली डोक्यावरून जात नाहीत, पंपाने सिमेंट वर चढतं, हे तिला तिथल्या एका कामगाराने सांगितलं. "बरा झाला," म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "मग आता बाया काय करतात?"

दुसऱ्या दिवशी चौपाटीवर बसलो तेव्हा मी विषय काढायच्या तयारीत होते. ऊन उतरलं होतं, वारा चांगला होता. मी घसा साफ केला आणि तेवढ्यात तिनेच विचारलं, "इथून दांडा लांब हाय का?"

खार दांडा, मला कळलं. पण का, ते कळेना.

मग तिने सांगितलं. मी आश्रमशाळेत होते तेव्हाची गोष्ट. तेव्हा ती आणि वडील दोन मोसम एकाच कामावर होते. खार दांड्याच्या वरच्या अंगाला एक इमारत चढत होती, गोल गॅलऱ्यांची. खाली कोळणींकडून सुकट घ्यायची, रस्त्याच्या वळणावर दगडी क्रूस होता, त्याच्याजवळच्या नळावर पाणी भरायचं. पहिल्या मोसमात पाया आणि खालचे मजले. दुसऱ्या मोसमात सातव्याचा स्लॅब टाकून झाला आणि होळी आली. सगळे गावी परतले. पुढच्या दिवाळीला मुकादमाने दुसरीकडे नेलं.

"इतक्या बिल्डिंगी चढवल्या," आय म्हणाली, "पण पुरी झालेली एक पन नाय बघितली. होळी आली का आपण घरी. ती एक बघायची हाय. आतून."

नाव विचारलं तर म्हणाली, नाव कसं माहीत असणार, नाव तर इमारत पुरी झाल्यावर लावतात.

तिसऱ्या दिवशीचं माझं सगळं रद्द करून आम्ही रिक्षाने खार दांड्याला गेलो. मला काही सापडेल असं वाटत नव्हतं. आय मात्र मासळीच्या बाजाराशी उतरली आणि चालू लागली. मध्येच थांबून मागे पाही, कारण इमारतीवरून खाली उतरताना जो रस्ता समोर असायचा तो आता तिला उलटा आठवावा लागत होता. क्रूस सापडला. त्याला आता रंग दिलेला होता आणि झेंडूची माळ होती. नळ नव्हता. तिथून वर वळलो आणि दोन उंच काचेच्या इमारतींमध्ये एक जुनी पिवळट इमारत दिसली, गोल गॅलऱ्यांची. फाटकावर पुनर्विकासाचा मोठा फलक होता. इमारत पाडून तिथे नवी उभी राहणार होती.

ती तीच इमारत होती का, हे मी तुम्हाला छातीठोकपणे सांगू शकत नाही. गोल गॅलऱ्यांच्या इमारती त्या भागात आणखीही असतील. आयला शंका नव्हती.

फाटकावरचा वॉचमन उत्तरेकडचा होता. कोणाकडे जायचं आहे, असं त्याने विचारलं. मी काही सांगण्याआधी आय हिंदीत बोलली. तिला इतकी सफाईदार हिंदी येते हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. म्हणाली, "किसी के पास नहीं जाने का. ये बिल्डिंग का माल हमने चढाया है. सात माला तक. देखने का है."

तो हसला, पण फाटक काही उघडेना. त्याच वेळी एक बाई भाजीची पिशवी घेऊन आत शिरत होत्या, आयपेक्षा थोड्या लहान, पांढरे आखूड केस. त्यांनी ऐकलं होतं. आयकडे नीट पाहून त्या म्हणाल्या, "सातव्यावरच राहते मी. चला."

लिफ्टमध्ये आय भिंतीला हात लावून उभी होती. म्हणाली, आम्ही परांचीवरून यायचो.

त्या आजींच्या घरात खोकी रचून ठेवलेली होती. भिंतींवर फोटो काढल्याचे फिकट चौकोन राहिले होते. महिनाअखेर घर सोडायचं होतं. त्यांनी चहा टाकला. आय आधी जमिनीवर बसली, त्यांनी आग्रह केला तेव्हा खुर्चीवर बसली. बसल्याबसल्या तिने मान वर केली आणि छत पाहू लागली. बराच वेळ पाहत होती. आजींना वाटलं वर काही ओल आली आहे की काय.

"खालून कवा बघितला नव्हता," आय म्हणाली. "आम्ही वरून टाकला. सेंटरिंगच्या फळ्या निघेपर्यंत आम्ही गावाला."

मग ती उठून गॅलरीत गेली. समोर दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या होत्या आणि त्यांच्यामधून आभाळाची एक पट्टी.

"समुद्र दिसायचा इथून," आजी म्हणाल्या. "घर घेतलं तेव्हा. आता ही झाली."

"दिसायचा," आय म्हणाली. "भर दुपारचा डोळ्यावर यायचा. घमेला देताना डोळं मिटायला लागायचं."

आजींनी सांगितलं की नवी इमारत होईपर्यंत त्या मुलाकडे नव्या मुंबईत राहणार. होईपर्यंत म्हणजे किती वर्षं, कोणी सांगत नाही. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे, स्वतंत्र खोली दिली आहे. पण आतापर्यंत कुठेही गेलं तरी परतीचं तिकीट पर्समध्ये असायचं, हे तसं नाही, असं त्या म्हणाल्या. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. चहात साखर चालते का हेही त्याच सुरात विचारलं.

मग त्या आयला म्हणाल्या, "तुम्ही लेकीकडे राहता का?"

"नाय," आय म्हणाली. "पण ती आता विचारल मना. तीन दिस झाले, तिच्या तोंडापर्यंत येतंय आणि परत जातंय."

त्या आजी माझ्याकडे पाहून हसल्या. मी कप आत नेऊन ठेवला.

निघताना आयने भिंतीवरून एकदा हात फिरवला, जसा ती बैलाच्या पाठीवरून फिरवते. बोचक्यातली सुकटीची पुडी ती बरोबर घेऊन आली होती, हे मला तोवर माहीत नव्हतं. ती तिने आजींना दिली. दांड्यात राहणाऱ्या बाईला सुकट, हे मला जरा विचित्र वाटलं. पण आजींनी ती उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "आज हीच करते."

चौथ्या दिवशी परतलो. ठाण्याहून जव्हारची गाडी मिळाली. बसायला खिडकी मिळाली. भिवंडी मागे पडली, ट्रक कमी झाले. माझं जुळवून ठेवलेलं बोलणं आता काही कामाचं नव्हतं. वाड्याला गाडी थांबली, लोक चहाला उतरले, आणि आम्ही दोघी मागे बसून राहिलो.

"विचार आता," आय म्हणाली.

मी विचारलं. "माझ्याकडे येऊन राहशील?"

"कवापर्यंत?"

मी कायमची असं म्हणणार होते. तो शब्द मला म्हणता आला नाही. तिच्या आयुष्यात ती ज्या ज्या ठिकाणी गेली त्या प्रत्येक ठिकाणाला शेवट होता आणि तो तिला निघतानाच माहीत असायचा. झोपडी कितीही गळकी असो, मुकादम कसाही असो, होळी होती. मी सातव्या मजल्यावरच्या आजींची खोकी पाहून आले होते.

"तू सांग," मी म्हटलं.

"होळीपर्यंत येईन. मळणी झाली का येईन, होळीला घरी. तेवढा मना जमतं."

मी लगेच हो म्हणायला हवं होतं, पण मला शिस्तीने विचार करायची सवय आहे. मी म्हटलं, "आये, तू पडलीस ती पावसात. थंडीत तू पडत नाहीस. पावसाचं काय?"

तिने खिडकीबाहेर पाहिलं. चहावाल्याकडे गर्दी होती.

"पावसात तू ये," ती म्हणाली. "तुझी शाळा आता कुठं हाय?"

माझी शाळा संपली होती आणि घराला कुलूप लावता येत होतं. वयाच्या नवव्या वर्षी मी साखरशेतमधून आश्रमशाळेत गेले त्यानंतर एकही पूर्ण पावसाळा मी त्या घरात काढला नव्हता. माणसं गाडीत परत चढू लागली. मी म्हटलं, येईन.

"कवापर्यंत?" आयने विचारलं, आणि या वेळी ती चेष्टा करत होती.

तसं ते ठरलं आणि तसंच चाललं आहे. पहिल्या वर्षी ती माझ्याकडे आली तेव्हा बोचक्यात तांदूळ, पीठ, तवा सगळं होतं. मला राग आला. लेकीच्या घरी येताना कोणी स्वतःचे तांदूळ आणतं का? तिचं म्हणणं असं की जगायला जाताना शिधा घेऊनच जायचा असतो, नाहीतर आपण दुसऱ्याच्या हातावर राहतो. मी बराच वाद घातला. मग स्वयंपाकघरातलं एक फडताळ रिकामं करून दिलं. गॅसवर तिचा तवा माझ्या तव्याशेजारी असतो. नाचणीची भाकरी तिच्या तव्यावर, पोळी माझ्या. पलंग तिने एका बाजूला सरकवला आहे आणि खिडकीखाली गोधडी पसरली आहे. दुपारी ती अंगणात बसून वाल सोलते आणि रस्त्याने जाणाऱ्यांना कुठल्या गावचे म्हणून विचारते. होळी जवळ आली की तिचं चित्त उडतं. पळस फुलला का ते मला पाहून यायला सांगते. मग एका सकाळी फडताळ रिकामं दिसतं.

पावसात मी जाते. माझी बॅग चाकांची आहे. पाड्याच्या चिखलात ती चाकं चालत नाहीत, हे पहिल्याच दिवशी कळलं. बॅगेत औषधं, टॉर्च, चार पुस्तकं, स्टीलचा डबा. आय ती उघडून बघते आणि विचारते, तवा कुठे आहे. पेरायला, आवणीला म्हणजे भाताची रोपं लावायला मी काही उपयोगाची नाही. मी बांधावर उभी राहते आणि ती बांधावरून जाते तेव्हा तिच्या मागे असते. गेल्या पावसात मीच घसरले. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

त्या इमारतीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. आजींचा फोन नंबर मी घेतला नव्हता. एवढी नीटनेटकी मी, आणि नेमकं तेच राहिलं. आयला मी एकदा म्हटलं की एव्हाना ती पाडली असेल. ती म्हणाली, पाडू दे, बघून झाली.

आज सकाळी डेपोतून आल्यावर मी फडताळ पुसून ठेवलं. दुपारी पुन्हा डेपोत गेले. साखरशेतची जीप उशिरा आली. आय पुढच्या दाराने उतरली, एका हाताने दार धरून, आणि तिच्यामागून टपावरून बोचकं आलं, तीच हिरवी साडी. ती उतरून जरा दम घेत उभी होती. शेजारी मोखाड्याकडची एक तरुण बाई आपल्या बोचक्यावर बसली होती. तिने आयकडे, मग बोचक्याकडे पाहिलं.

"आजे, या वयात जगायला? कुठं चाललीस?"

"इथंच," आय म्हणाली. "लेकीकड."

"कवापर्यंत?"

"होळीपर्यंत."

त्या बाईला यात काही नवल वाटलं नाही. तिने मान हलवली आणि बोचक्यावरून थोडी सरकून आयला बसायला जागा करून दिली. आय बसली. आम्हाला गाडी धरायची नव्हती, घर चालत जाण्याइतकं जवळ होतं, पण त्या बाईची गाडी लागेपर्यंत आम्ही तिघी तिथे बसलो.